टीए होण्यापूर्वीची चाळणी : परदेशी अध्यापन साहाय्यकांच्या प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

अमेरिकेत पीएच.डी.ला जाणाऱ्या पुष्कळ मराठी विद्यार्थ्यांचे शुल्क आणि महिन्याचा खर्च टीएशिपवर, म्हणजे टीए (अध्यापन साहाय्यक) म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या शुल्कमाफीवर आणि स्टायपेंडवर चालतो. फंडिंगच्या पत्रात बहुधा खालच्या बाजूला एक वाक्य असते : मातृभाषा इंग्रजी नसलेल्या उमेदवाराने वर्गात उभे राहण्यापूर्वी तोंडी इंग्रजीची पात्रता सिद्ध केली पाहिजे. व्हिसा, तिकीट आणि राहण्याची जागा यांच्या गडबडीत या वाक्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. त्यामागे मात्र एक मोठी यंत्रणा असते : एक चाचणी, तिच्यात कमी पडलेल्यांसाठी सत्रभराचा वर्ग, चित्रीकरणासह सराव-पाठ, आणि शेवटी शिकवण्याचा परवाना. मध्यपश्चिमेतील एका मोठ्या राज्य विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागात टीए म्हणून काम करताना मी या यंत्रणेतून गेले आणि पुढे ती चालवणाऱ्या विद्यापीठाच्या केंद्रात नव्या टीएंच्या सराव-पाठांना निरीक्षक म्हणून बसू लागले. त्या विद्यापीठाचे नाव येथे दिलेले नाही. इतर विद्यापीठांचे उल्लेख आहेत ते त्यांच्या सर्वांना ठाऊक असलेल्या कार्यपद्धतीपुरते.

माझे मत आधीच सांगून टाकते. वर्ग उत्तम आहे, चाचणी कामचलाऊ आहे, आणि परवाना हातात पडल्यानंतरची साथ जवळपास नाहीच. या तीन गोष्टींची प्रत इतकी वेगवेगळी का, हे समजण्यासाठी ही सेवा कोठून आली ते पाहावे लागते.

अमेरिकी विद्यापीठांच्या विज्ञान व अभियांत्रिकी शाखांत परदेशी संशोधक विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तशी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांच्या तुकड्यांवर परदेशी टीए दिसू लागले. ‘शिकवणाऱ्याचे बोलणे कळत नाही’ ही विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची तक्रार वर्तमानपत्रांतून थेट राज्यांच्या विधिमंडळांपर्यंत पोहोचली. फ्लॉरिडा, ओहायो, टेक्सस, इलिनॉय अशा राज्यांनी १९८० च्या दशकात आणि पेन्सिल्व्हेनियाने १९९० मध्ये याबाबत कायदे केले. शिकवणाऱ्याला बोलता येते याची विद्यापीठाने खात्री करावी, असा या कायद्यांचा रोख होता. खात्री करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे परीक्षा घेणे. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी परीक्षा आधी आली आणि शिकवणे मागाहून. आजही या सेवेचा पहिला अनुभव शाळेपेक्षा फाटकावरच्या पहारेकऱ्याचाच येतो.

चाचण्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात उमेदवार यंत्राशी बोलतो. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेची स्पीक ही चाचणी बरीच वर्षे सर्रास वापरली जात असे. नकाशा पाहून रस्ता सांगा, चित्रांच्या ओळीवरून गोष्ट सांगा, आलेखाचे वर्णन करा, असे प्रश्न तिच्यात असत आणि उत्तरे टेपवर घेतली जात. पर्ड्यू विद्यापीठाने २००१ च्या सुमारास तिच्या जागी स्वतःची संगणकावरची चाचणी आणली. तिचे गुण ३५ ते ६० या मापावर दिले जातात आणि ५० ला उत्तीर्ण मानतात. दुसऱ्या प्रकारात उमेदवाराला माणसांसमोर शिकवून दाखवावे लागते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उमेदवार अभ्यासक्रमाचे पत्रक वर्गाला समजावून देतो, मग आपल्या विषयातला एक छोटा पाठ घेतो, आणि समोर बसलेले पदवीचे विद्यार्थी त्याला मध्येच प्रश्न विचारतात. आयोवा राज्य विद्यापीठाच्या चाचणीतही मुलाखतीच्या जोडीला असा शिकवण्याचा भाग आहे. अनेक विद्यापीठे टोफेल या प्रवेशासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या बोलण्याच्या भागातील गुणांवरूनही सूट देत आली आहेत. त्यासाठी ३० पैकी साधारण २३ ते २८ यांच्या दरम्यानची कोणती तरी रेषा ठरवलेली असे, आणि ती प्रत्येक विद्यापीठाची वेगळी. शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले म्हणून भारतीय विद्यार्थ्याला आपोआप सूट मिळेल, असे मात्र सहसा होत नाही.

आमच्याकडची चाचणी पहिल्या प्रकारची होती आणि ती फॉलचे, म्हणजे ऑगस्टच्या सुमाराचे, सत्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात घेतली जाई. साडेदहा तास मागे गेलेले घड्याळ, अजून न उघडलेल्या बॅगा, बँकेचे खाते नाही, आणि अशा अवस्थेत कानाला हेडफोन लावून एका निर्जीव पडद्याला आलेखाचा उतार समजावून सांगायचा. या चाचणीतून माणसाचा उच्चार आणि वाक्यरचना बऱ्यापैकी समजते. फळ्याकडे पाठ करून तो किती बोलतो, समोरच्याचा गोंधळलेला चेहरा त्याला दिसतो का, प्रश्न नीट कळला नाही तर तो काय करतो, हे काहीही समजत नाही. आणि टीएचे अर्धे काम तेच असते. शिकवून दाखवण्याच्या चाचणीला माणसे, खोल्या आणि वेळ जास्त लागतो हे मान्य आहे, तरीही ज्या कामासाठी परवाना द्यायचा ते काम पाहून तो द्यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

चाचणीत थोडे कमी गुण पडले की सत्रभराचा वर्ग लावावा लागतो. याच वर्गाविषयी मला मन लावून लिहायचे आहे.

वर्ग लहान असतो. आमच्या खोलीत चिनी, कोरियन, इराणी, ब्राझिलियन, तुर्की आणि भारतीय असे सर्व विषयांचे संशोधक होते आणि शिकवणाऱ्या बाई उपयोजित भाषाविज्ञानाच्या. महाराष्ट्रात ज्यांनी बी.एड. किंवा डी.एड. केले आहे त्यांना या वर्गाची पद्धत लगेच ओळखीची वाटेल, कारण तिचा गाभा सूक्ष्म अध्यापन हाच आहे. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली आणि पुढे आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थिरावली : एकच कौशल्य निवडायचे, त्यावर पाच-सात मिनिटांचा पाठ घ्यायचा, निरीक्षकांचे अभिप्राय ऐकायचे, आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. पाठ टाचणाची वही तेवढी येथे नसते. विषय उमेदवाराचाच, पण श्रोते इतर शाखांचे. त्यामुळे सांख्यिकीवालीला प्रमाण विचलन एका इतिहासवाल्याला समजावून द्यावे लागते, आणि परिभाषेच्या आड लपायला जागा राहत नाही.

पहिले काही आठवडे बोलण्यावर जातात, आणि ते ज्या रीतीने जातात ते मला विशेष आवडले. आपल्याला अमेरिकी उच्चार शिकवतील अशी बऱ्याच जणांची समजूत असते आणि काहींची तशी इच्छाही असते. वर्गात ते होत नाही. एकेका ध्वनीमागे लागण्यापेक्षा शब्दावरचा आघात, वाक्यातील महत्त्वाच्या शब्दावर दिलेला जोर, आणि बोलताना घेतलेले थांबे यांच्यावर भर असतो, कारण ऐकणाऱ्याला समजण्यात खरी अडचण तेथे येते. मराठीत आघाताची जागा बदलल्याने शब्द सहसा अनोळखी होत नाही, त्यामुळे त्याकडे कान देण्याची आपल्याला सवय नसते. ‘पॅरामीटर’ या शब्दात इंग्रजीत जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. आपण तो पहिल्यावर देतो, आणि एकोणीस वर्षांच्या अमेरिकी मुलाला ते दोन निराळे शब्द वाटतात. ‘डिटर्मिनंट’चेही तसेच. शिवाय आपला ‘प’ त्यांच्या शब्दारंभीच्या ‘प’पेक्षा कमी श्वासाचा असतो, त्यामुळे आपण ‘पाय’ म्हटलेले त्यांना ‘बाय’ ऐकू येऊ शकते. वर्तुळाच्या परिघाचे सूत्र फळ्यावर न लिहिता नुसते तोंडाने सांगणाऱ्याला हे महागात पडते. ‘व’च्या बाबतीत मराठी माणसाची दोन वेगळे ध्वनी एकाच अक्षरात भागवण्याची सवय बाईंनी एकदा दाखवली आणि पुढे सोडून दिली, कारण संदर्भाने ते कळते. काय सोडून द्यायचे हे ठाऊक असणे, हे मला चांगल्या शिक्षकाचे लक्षण वाटते.

हेलाचा भाग याहून अवघड आहे. आपण महत्त्वाचा मुद्दा पुष्कळदा वाक्याच्या ओघात त्याच सुरात सांगून जातो आणि वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो. अमेरिकी श्रोता वाक्यातल्या एका शब्दावर सूर उंचावण्याची वाट पाहत असतो आणि तो न आल्यामुळे नेमके काय टिपून घ्यायचे हे त्याला कळत नाही. बाईंनी यासाठी वापरलेला उपाय साधा होता. आपल्याच पाठातील मिनिटभराचे बोलणे शब्दशः उतरवून काढायचे, कोठे थांबलो तेथे रेघ ओढायची, जोर दिलेला शब्द अधोरेखित करायचा, आणि मग आपल्याला खरोखर कोणता शब्द महत्त्वाचा वाटत होता त्याभोवती गोल करायचा. गोल आणि अधोरेखा किती ठिकाणी जुळत नाहीत, हे पाहिल्यावर निराळे समजावण्याची गरज उरत नाही.

गणिती विषयांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी या वर्गातला सर्वांत मोलाचा भाग मात्र अभ्यासक्रमाच्या पत्रकात नव्हता. तो सराव-पाठांतून आपोआप बाहेर आला. आपण शाळा-महाविद्यालयांत गणित ज्या इंग्रजीत बोलतो, ती इंग्रजी तेथे तशीच्या तशी चालत नाही. आपल्या तोंडी ‘टू इंटू थ्री’ म्हणजे गुणाकार, उत्तर सहा. तेथे प्राथमिक शाळेपासून ‘टू इंटू थ्री’ म्हणजे दोनाने तिनाला भागणे. ‘वन अपॉन एक्स’ हे त्यांना जुन्या गोष्टीतल्या ‘वन्स अपॉन अ टाइम’सारखे वाटते, ते ‘वन ओव्हर एक्स’ म्हणतात. वर्गमुळाला ‘अंडर रूट’, केवलमूल्याला ‘मॉड’, कंसाच्या वर्गाला ‘होल स्क्वेअर’, आणि शेवटच्या अक्षराला ‘झेड’ : यांपैकी एकेक गोष्ट किरकोळ आहे, पण एका उदाहरणात चार वेळा अशी ठेच लागली की समोरचा विद्यार्थी वही बंद करतो आणि सत्राखेरीच्या अभिप्रायात ‘उच्चार कळत नाहीत’ असे लिहितो, जेव्हा उच्चारांचा त्यात काहीच दोष नसतो. फळ्यावर लाखाची संख्या लिहिताना आपण स्वल्पविराम जेथे देतो तेथे ते देत नाहीत, हेही याच जातीचे. भाषाविज्ञानाच्या शिक्षिकेला हे सर्व ठाऊक असेल अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. ते गणित विभागाच्या जुन्या भारतीय टीएला ठाऊक असते. अशा एखाद्या ज्येष्ठ टीएला एका तासासाठी बोलावून घेण्याची कल्पना या केंद्राला इतक्या वर्षांत सुचली नाही, याचे मला नवल वाटते.

प्रश्नोत्तरांचा सराव हा दुसरा भक्कम भाग. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. परक्या भाषेत, परक्या मुलांसमोर गप्प उभे राहून ते काढायचे म्हणजे दम लागतो. त्यामुळे परदेशी टीए ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणून उत्तराची वाट न पाहताच फळा पुसू लागतो. येथे ते थांबणे प्रत्यक्ष करवून घेतले जाते. विद्यार्थ्याचा प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगून ‘तुला हेच विचारायचे आहे का’ अशी खात्री करून घेणे, प्रश्न वर्गातील इतरांकडे वळवणे, उत्तर येत नसेल तर तसे सांगून पुढच्या तासाला ते आणून देणे, यांचाही सराव होतो. शेवटची गोष्ट आपल्याकडच्या मुलांना सर्वांत जड जाते, कारण सरांना किंवा मॅडमना येत नाही असे आपल्या वर्गात सहसा घडू दिले जात नाही. पदवीचे काही विद्यार्थी केंद्राने या तासांसाठी मानधनावर नेमलेले होते आणि ते अगदी खऱ्यासारखे कंटाळत, उशिरा येत आणि गुणांवरून हुज्जत घालत. पेपर तपासल्यावर ‘माझा अर्धा गुण का कापला’ म्हणून ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळेत, येणाऱ्या विद्यार्थ्याला शांतपणे रुब्रिक (गुण कशाला किती याचा तक्ता) दाखवण्याचा सराव तर मला पुढे दर सत्राला उपयोगी पडला.

संस्कृतीविषयक तासांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. अमेरिकी विद्यार्थी पाय पसरून बसतात, शिक्षकांना नावाने हाक मारतात, तासाला कॉफी पितात, हे पहिल्याच आठवड्यात डोळ्यांना दिसते. त्यासाठी स्लाइडची गरज नसते. विद्यार्थ्यांच्या गुणांची गोपनीयता राखण्याचा १९७४ चा संघराज्याचा कायदा मात्र नीट समजावून दिला गेला, आणि तो आवश्यकच आहे : गुणांची यादी दारावर चिकटवणे आपल्याला अजूनही स्वाभाविक वाटते, तेथे तो कायद्याचा भंग ठरतो, आणि मुलाच्या प्रगतीची चौकशी करणाऱ्या वडिलांनाही टीएने स्वतःहून काही सांगायचे नसते.

चित्रीकरण पाहण्याची एकेकट्याची बैठक हे या सेवेचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. प्रत्येक सराव-पाठ कॅमेऱ्यात घेतला जातो आणि काही दिवसांनी शिक्षिकेबरोबर बसून पाहिला जातो. बाईंची पद्धत अशी की त्या स्वतः आधी काहीच म्हणत नसत. कोठे थांबवायचे ते पाहणाऱ्याने ठरवायचे. निरीक्षक म्हणून बसू लागल्यावर माझ्या लक्षात आले की बहुतेक जण प्रथम आपल्या व्याकरणाच्या चुकांपाशी चित्रफीत थांबवतात, ज्या वर्गात कोणाच्याच लक्षात आलेल्या नसतात. हळूहळू त्यांना दुसऱ्या गोष्टी दिसू लागतात : फळ्यावरचे अक्षर आपल्याच पाठीमागे झाकले जाते, सोपी पायरी हळू आणि अवघड पायरी घाईने सांगितली जाते, डावीकडच्या रांगेकडे एकदाही पाहिलेले नाही. आणखी एक निरीक्षण येथे नोंदवते, कोणी रागावणार नाही अशी आशा आहे. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी चाचणीला घाबरून येतात, पण सराव-पाठांत ते पुष्कळदा चांगले ठरतात, कारण ते सावकाश बोलतात आणि फळ्याचा भरपूर वापर करतात. मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांतून आलेल्यांचा वेग असा असतो की शब्दांच्या कडा झिजून जातात, आणि त्यांना ‘हळू बोला’ हे पटवून देण्यात अर्धे सत्र निघून जाते.

आता उणिवांकडे वळते. सर्वांत मोठी उणीव ही की संवादाची सगळी जबाबदारी बोलणाऱ्यावर टाकलेली आहे. जॉर्जिया विद्यापीठातील डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रातील सर्वांना माहीत आहे. इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या एकाच स्त्रीच्या आवाजातील व्याख्यान त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना ऐकवले. काहींना त्यासोबत गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवले, काहींना आशियाई स्त्रीचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका उच्चार ऐकू आला, आणि व्याख्यान समजण्यातही ते मागे पडले. ओकिम कांग, रुबिन आणि स्टेफनी लिंडमन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीचे विद्यार्थी आणि परदेशी टीए यांना थोडा वेळ एकत्र बसवून कोडी सोडवायला दिली होती. त्यानंतर अशा टीएंचे बोलणे विद्यार्थ्यांना अधिक समजण्याजोगे वाटू लागले. म्हणजे उपाय स्वस्त आहे आणि तो ठाऊकही आहे. आमच्या वर्गात रुबिन यांच्या प्रयोगाची चर्चा झाली, सर्वांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या तासाला आम्ही पुन्हा आमच्या आघातांकडे वळलो. ज्या शेकडो विद्यार्थ्यांना परदेशी टीए शिकवणार आहेत, त्यांच्यासाठी त्या विद्यापीठात अर्ध्या तासाचाही कार्यक्रम नव्हता.

दुसरी उणीव परवान्यानंतरची. वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळाले, की केंद्राचा संबंध संपतो आणि विभागाचा सुरू होतो, असे कागदावर आहे. प्रत्यक्षात विभाग टीएच्या हातात पाठ्यपुस्तक आणि खोलीची किल्ली देतो. ज्या प्राध्यापकांच्या व्याख्यानाला जोडून आपण तुकडी घ्यायची, त्यांनी टीएच्या तासाला एकदा तरी येऊन मागे बसावे, एवढेही बंधन आमच्याकडे नव्हते. पहिला खरा अभिप्राय सत्र संपल्यावर, विद्यार्थ्यांच्या निनावी मूल्यमापनातून मिळतो, तेव्हा सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. मिशिगन विद्यापीठाच्या १९६२ साली स्थापन झालेल्या अध्ययन-अध्यापन संशोधन केंद्रात यावर एक चांगली सोय आहे : सत्राच्या मध्यावर केंद्राचे सल्लागार वर्गात येतात, टीए बाहेर जातो, विद्यार्थी काय उपयोगी पडते आणि काय बदलावे हे मोकळेपणाने सांगतात, आणि सल्लागार ते नंतर टीएशी बोलतात. अशी सोय आमच्या विद्यापीठातही नावाला होती, पण ती मागायची असते हे नव्या टीएंना कोणी सांगत नसे.

पैसा आणि वेळ यांचा हिशेबही तपासून घेण्यासारखा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही, आणि निम्म्या वेळेची टीएशिप म्हणजे सहसा तेच २० तास. हा वर्ग, त्याचा गृहपाठ, चित्रीकरणाच्या बैठका या सर्वांचा वेळ आमच्याकडे त्या तासांत मोजला जात नसे; तो स्वतःच्या अभ्यासातून काढावा लागे. वर्गाचे क्रेडिट पदवीत धरले जात नसत, त्यामुळे पहिल्याच सत्रात विषयाचा एक अभ्यासक्रम मागे पडे. चाचणीत फारच कमी गुण पडलेल्यांना शिकवण्याऐवजी पेपर तपासण्याचे काम दिले जाई, आणि त्यात स्टायपेंड टिकत असला तरी पुढच्या वर्षाच्या फंडिंगबद्दल स्पष्ट शब्द मिळत नसे. परक्या देशात नुकत्याच आलेल्या माणसाला ही अनिश्चितता किती पोखरते, हे या नियमांच्या रचनेत कोठेही लक्षात घेतलेले दिसत नाही.

एवढे असूनही पाचपैकी गुण द्यायचे तर वर्गाला मी साडेचार देईन, चाचणीला अडीच, आणि पुढच्या साथीला एक. ज्यांना चाचणीतून सूट मिळाली आहे त्यांनीही जागा असेल तर हा वर्ग स्वतःहून मागून घ्यावा, निदान चित्रीकरणाची एक बैठक तरी. बहुतेक केंद्रे त्याला नाही म्हणत नाहीत, आणि स्वेच्छेने आलेल्यावर परवान्याचे ओझे नसल्यामुळे तो अधिक शिकतो. प्रयोगशाळेच्या टीएंना याचा फायदा थोडा कमी होईल, कारण सराव-पाठ फळ्यासमोरच्या शिकवण्यावर बेतलेले आहेत. आम्ल सांडल्यावर दोन सेकंदांत काय ओरडायचे हे तेथे कोणी शिकवत नाही, आणि त्या प्रसंगी आघात कोठे पडतो याला खरेच महत्त्व असते.

प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विभागाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या समन्वयकाला ईमेल करून काही गोष्टी विचारून घ्याव्यात : चाचणी कोणत्या प्रकारची आहे, ती भारतातूनच ऑनलाइन देता येते का, टोफेलच्या किती गुणांवर सूट मिळते, उत्तीर्ण न झाल्यास पहिल्या वर्षाचे फंडिंग लेखी स्वरूपात कायम राहते का, वर्गाचे शुल्क कोण भरते, आणि सत्राच्या मध्यावर अभिप्राय घेण्याची सोय आहे का. हे विचारल्याने कोणी प्रवेश रद्द करत नाही. पर्ड्यूच्या चाचणीची सराव-आवृत्ती त्या विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवलेली आहे. दुसरीकडे जाणाऱ्यालाही यंत्राशी बोलण्याची सवय होण्यासाठी ती उपयोगी पडते. सरावाची उत्तरे फोनवर ध्वनिमुद्रित करावीत आणि आपल्या विषयाचा गंध नसलेल्या घरातल्या कोणाला तरी, शक्यतो बारावीतल्या भावंडाला, ऐकवून त्याने काय टिपून घेतले ते वाचून पाहावे.